न विचारता दिलेली आठवण

वाचकहो, आकाशात उडणाऱ्या जहाजांच्या एका इंग्रजी मालिकेविषयी आपल्या मासिकात लिहावे की लिहू नये, याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो. या पानांवर सणावारांविषयी, थोरामोठ्यांविषयी, कोकणातल्या आपल्या गावांविषयी लेख येतात. त्यांच्या पंक्तीला हा विषय बसवणे धाडसाचेच. परंतु त्या मालिकेच्या एका भागावरून आमच्या घरात बाप-लेकीचे जे भांडण झाले, ते या ना त्या रूपाने आपल्यापैकी अनेक घरांत होत असणार, अशी माझी खात्री आहे. मुले टोरांटोला, लंडनला, अश्दोदला, आईबाप ठाण्याला, नाहीतर माझ्यासारखे आखातात, आणि फोनवर एकच विषय, "पोराला हे शिकवलंस का? ते शिकवलंस का?" म्हणून लिहितो.

मी ओमानमध्ये रुसैलला राहतो. मस्कत शहराच्या पश्चिमेला, सीबचा विमानतळ मागे टाकून पुढे आलात आणि निझवाचा रस्ता डोंगरात शिरू लागला, की आमची औद्योगिक वसाहत लागते. 1980 च्या दशकात ती उभी राहिली. सिमेंटचा मोठा कारखाना, पाइपांचे, रंगांचे, खाद्यपदार्थांचे कारखाने आणि त्यांच्या मागे गवताचे पातेही नसलेले तपकिरी डोंगर. 1994 साली मी इथे वेल्डर म्हणून आलो. लोखंडी दरवाजे, जिने, टाक्यांचे सांगाडे हे आमचे काम. पुढे फोरमन झालो. दोन वर्षांच्या कराराने आलेला माणूस तीस वर्षांवर राहिला, यात नवल नाही. आखातात आलेल्या पुष्कळांची हीच कथा आहे.

इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी, एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आमच्या खोलीतल्या एका गोवेकर सोबत्याने एक व्हिडिओ कॅसेट लावली. त्याच्या अमेरिकेतल्या भावाने टीव्हीवरून उतरवून पाठवलेली. मालिका होती 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'. मूळची 'स्टार ट्रेक' 1966 सालची. 1980 च्या दशकात ती दूरदर्शनवरही दाखवली जायची, त्यामुळे आमच्या पिढीला टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक ठाऊक होता. ही दुसरी मालिका 1987 ते 1994 अशी सात वर्षे चालली. त्या दिवशी पाहिलेला भाग पाचव्या वर्षातला, जून 1992 मध्ये अमेरिकेत प्रथम दाखवलेला. त्याचे नाव 'द इनर लाइट'. पुढे 1993 साली त्याला विज्ञानकथांच्या जगातले मानाचे ह्यूगो पारितोषिक मिळाले.

कथा थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे भांडण समजेल.

अवकाशयानाचा कप्तान पिकार्ड हा एकटा, ब्रह्मचारी, कामात बुडालेला माणूस. वाटेत त्यांना एक लहानसे, जुनाट, मानवरहित यान तरंगताना दिसते. त्यातून एक किरण निघतो आणि कप्तानाला भिडतो. तो जागच्या जागी कोसळतो. डोळे उघडतो तो एका भलत्याच घरात. समोर एक स्त्री, एलीन, म्हणते की तू माझा नवरा कामिन, लोखंड विणणारा कारागीर. तुला ताप आला होता. ग्रहाचे नाव काटान, गावाचे नाव रेसिक. पिकार्ड मानत नाही. पाच वर्षे तो रात्री आकाशाकडे पाहून आपले जहाज कुठे असेल ते शोधतो. शेवटी हळूहळू रुळतो. मुलगी होते, मुलगा होतो. मित्र मरतो, त्याचे नाव मुलाला दिले जाते. कामिन बासरी शिकतो. गावात पाऊस पडेनासा होतो, जमीन भेगाळते, आणि कळते की त्यांचा सूर्यच आता फुटणार आहे; कोणी वाचणार नाही. बायको जाते. कामिन म्हातारा होतो, नातू खेळवतो. एके दिवशी सारा गाव एक यान आकाशात सोडताना पाहायला जमतो. आणि तिथे मेलेली बायको व मित्र तरुण रूपात त्याच्यासमोर उभे राहून त्याला सांगतात, की हे यान तूच पाहिले होतेस. आम्ही हजार वर्षांपूर्वी नाहीसे झालो. आमची आठवण कोणाला तरी राहावी म्हणून आम्ही हे सोडले, आणि ते तुला सापडले.

पिकार्ड जागा होतो. जहाजावर जेमतेम पंचवीस मिनिटे गेलेली असतात. त्या यानात एक पेटी सापडते, आणि पेटीत कामिनची बासरी. खोलीत एकटा उभा राहून तो ती वाजवतो, तिथे गोष्ट संपते.

त्या वेळी मला या गोष्टीत फक्त माझेच दुःख दिसले. माझी बायको आणि दोन वर्षांची मुलगी ठाण्याला. मी लोखंडाचा कारागीर, उजाड डोंगरांच्या मुलुखात, रात्री कॅलेंडरवर दिवस खोडणारा. पाच वर्षे नकाशे चाळीत बसलेला कामिन म्हणजे मीच, असे वाटले. तो शेवटी घराच्या अंगणात मुळे धरतो, हे पाहून मीही मनाशी ठरवले, की रुसैलला केवळ थांबायची जागा समजायचे नाही. दुसऱ्या दिवसापासून मी कॅलेंडर खोडणे बंद केले. एका टीव्हीच्या भागाने एवढे केले तरी पुष्कळ झाले, असे मी म्हणत असे.

आता गेल्या डिसेंबरकडे येतो.

माझी मुलगी टोरांटोला असते. तिचा मुलगा सहा वर्षांचा, तिथेच जन्मलेला. डिसेंबरात दोघे तीन आठवडे माझ्याकडे रुसैलला आली. पुढच्या वर्षी मी कायमचा ठाण्याला परतणार, म्हणून तिला बापाचे हे घर एकदा पाहायचे होते. मी तयारीत होतो. दोन वर्षे खपून मी एक दोनशेपानी वही भरली होती. आमचे गाव, आडनाव कसे पडले, खापरपणजोबांपर्यंतची नावे, मलिद्याची पद्धत, कुठल्या सणाला काय करायचे, नवगावची हकिकत, सिनेगॉगमधल्या चाली, सारे. वहीच्या पहिल्या पानावर नातवाचे नाव घालून लिहिले होते, "हे सर्व तू सांभाळायचे आहेस."

एका रात्री नातू झोपल्यावर मी मुलीला तो 'इनर लाइट'चा भाग दाखवला. आता कॅसेटची गरज नाही, संगणकावर मिळतो. माझा हेतू सरळ होता. संपल्यावर वही पुढे करायची आणि म्हणायचे, बघ, त्या लोकांनी बासरी पाठवली, मी वही देतो आहे.

भाग संपला. मी वही काढली. मुलीने ती हातात घेतली नाही. ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला ही गोष्ट सुंदर वाटते? मला तर ही जबरदस्ती वाटली. त्या माणसाला कोणी विचारलं होतं का?"

मी म्हणालो, मरणाऱ्या लोकांची शेवटची इच्छा होती ती.

"असेल. म्हणून दुसऱ्याच्या डोक्यात घुसायचं? त्याला बायको दिली, मुलं दिली आणि पंचवीस मिनिटांत सगळी काढून घेतली. आता आयुष्यभर तो त्यांना रडणार. मधे ते डॉक्टर लोक किरण तोडायला गेले तर तो मरायलाच टेकला, म्हणजे सुटायचीही सोय ठेवली नाही. आणि का, तर आम्हाला विसरू नका!" मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "तुम्ही सगळे तेच करता. तुम्ही, आजी, आत्या. आमच्या कपाळावर किरण सोडता. माझ्या पोराला तुम्ही अजून नीट भेटलाही नाहीत, आणि त्याने काय सांभाळायचं ते लिहून तयार!"

मला राग आला. राग आला की आपण मोठ्या गोष्टी बोलतो, तसा मी बोललो. मी तिला मस्कतच्या यहुद्यांची गोष्ट सांगितली. वेलस्टेड नावाचा एक इंग्रज नौदल अधिकारी 1830 च्या दशकात ओमानभर फिरला. त्याने लिहून ठेवले आहे, की बगदादच्या दाऊद पाशाच्या जुलमाला कंटाळून 1828 साली काही यहुदी मस्कतला आले आणि राहिले. आज त्यांचा एकही वंशज इथे नाही. ते काय खात, कोणत्या चालीवर प्रार्थना म्हणत, मुलांना झोपवताना काय सांगत, ते मला तरी कुठे वाचायला मिळाले नाही. एका परक्या वाटसरूने चार ओळी लिहिल्या म्हणून ते होते एवढे मला कळले. मी म्हणालो, "तुला आपलंही असंच व्हायला हवं आहे का?"

ती म्हणाली, "नको आहे. पण तुमच्या भीतीचं ओझं सहा वर्षांच्या मुलाने का वाहायचं?" आणि झोपायला गेली.

रात्रभर मला झोप नाही. तिचे म्हणणे चूक आहे असे वाटत होते, पण कुठे चूक आहे ते सापडत नव्हते.

पहिले उत्तर सुचले ते असे. विचारून कोणाला काय मिळते? मातृभाषा कोणी विचारून देत नाही. नाव विचारून देत नाही. आठव्या दिवशीची सुंता तर मुळीच विचारून होत नाही. बाळाला विचारायचे म्हटले तर विचारण्याची भाषाही आधी न विचारताच द्यावी लागते. तेव्हा 'विचारले का?' ही कसोटीच खोटी. सकाळी चहाच्या वेळी मी हे तिला ऐकवले. ती म्हणाली, "बरोबर आहे. पण यावरून 'काहीही लादलं तरी चालतं' असं होत नाही." हेही खरेच होते. मी गप्प बसलो.

दोन दिवसांनी मी त्यांना बिरकत अल मौजला घेऊन गेलो. रुसैलहून निझवाच्या रस्त्याने डोंगर ओलांडून जावे लागते. तिथे 'अल खतमैन' नावाचा फलज आहे. फलज म्हणजे डोंगरातल्या झऱ्याचे पाणी उताराउताराने गावापर्यंत आणणारा पाट. ओमानात असे हजारो पाट आहेत. त्यांतल्या पाचांना 2006 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत हा एक. इथे एका ठिकाणी पाणी तीन सारख्या वाटांत विभागले जाते, आणि खजुरांच्या बागांना ते वेळ वाटून दिले जाते. जुन्या काळी ही वेळ दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून मोजत.

नातू पाण्यात पाय सोडून बसला. मला वाटले, हीच संधी. मी मुलीला म्हणालो, "बघ, हा पाट ज्यांनी खणला त्यांची नावंसुद्धा कोणाला माहीत नाहीत. त्यांनीही पुढच्यांना विचारलं नव्हतं. तरी ही माणसं शेकडो वर्षं गाळ काढत आली आहेत. हे ओझंच ना?"

तिने पाण्याकडे पाहिले. "पप्पा, ते पूर्वजांसाठी गाळ काढत नाहीत. पाण्यासाठी काढतात. पाणी आलं नसतं तर कोणी खोरंही उचललं नसतं. तुमच्या वहीत पाणी कुठे आहे ते मला सांगा, मी गाळ काढते."

वाचकहो, इतकी वर्षे मी लोखंड जोडले. जोड चांगला झाला की नाही हे ठोकून बघितल्यावर आवाजावरून कळते. हे वाक्य माझ्या कानांना खणखणीत वाटले. माझ्या वहीत नावे होती, तारखा होत्या, आज्ञा होत्या. तहान लागलेल्याला प्यायला त्यात काय होते?

मग मी तोच भाग एकट्याने पुन्हा पाहिला, या वेळी काटानच्या लोकांकडे लक्ष ठेवून. त्यांनी पिकार्डला काय दिले? त्यांच्या राजांची यादी दिली नाही. लढायांचे सन दिले नाहीत. "आमचे सण पाळ" असे सांगितले नाही. त्याला एक घर दिले, चिडणारी आणि समजून घेणारी बायको दिली, दारात गप्पा मारायला मित्र दिला, तापलेली दुपार दिली, बासरीवर बोटे बसेनात तेव्हाची खटपट दिली. इतिहास म्हणतात तो भाग त्यात जवळजवळ नाही. आणि किरण संपल्यावर? यान बंद पडते. पुन्हा ते कोणाला काही सांगत नाही. बासरी पेटीत ठेवलेली असते. ती वाजवायची की कपाटात टाकायची, हे सर्वस्वी पिकार्डचे.

याचा अर्थ माझ्या मुलीचा आक्षेप खोटा ठरतो असे नाही. पिकार्डवर अन्याय झालाच. जाग आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते ते सारा संसार एका क्षणात गमावलेल्या माणसाचे दिसते, आणि लेखकांनी ते लपवलेले नाही. पण काटानच्या लोकांजवळ दुसरा मार्ग नव्हता. ज्याला विचारायचे तो हजार वर्षांनी जन्मणार होता. त्याला प्रश्न विचारता येत नव्हता, त्यांना उत्तर देता येत नव्हते.

इथे मला पेसाहची रात्र आठवली. आपल्या हग्गादात गोष्ट बाप सुरू करीत नाही. सर्वांत लहान मूल चार प्रश्न विचारते, मग गोष्ट सुरू होते. लहानपणी ठाण्याच्या घरी ते प्रश्न मी पाठ म्हणून विचारीत असे. ते तसे का, याचा विचार आयुष्यात केला नव्हता. ताटात रोजच्यापेक्षा वेगळे पदार्थ मांडतात, वेगळ्या रीतीने बसतात, कशासाठी? मुलाने चकित होऊन विचारावे म्हणून. मोठ्यांचे काम प्रश्न उत्पन्न होईल असे काहीतरी करणे, एवढेच. पुढे चार मुलांचा उल्लेख येतो, त्यांतला चौथा असा की ज्याला विचारताच येत नाही. त्याच्यासाठी मात्र बापाने आपणहून तोंड उघडायचे. काटानच्या लोकांसमोर पिकार्ड हा तो चौथा मुलगा होता. म्हणून त्यांना आपणहून उघडावे लागले, आणि उघडले तेही त्यांनी पाठ देऊन उघडले नाही, जगायला देऊन उघडले.

माझा नातू मात्र चौथा मुलगा नाही. त्याला उत्तम विचारता येते. दिवसभर तो दुसरे काही करीत नाही. माझी चूक ही, की त्याने विचारण्याआधीच मी दोनशे पाने उत्तरे लिहून बसलो होतो.

यानंतर काय घडले ते सांगतो. फार मोठे काही घडले नाही. मुलीने ठाण्याहून येताना अलिबागचे कडवे वाल आणले होते. एका रात्री मी ते भिजत घातले, सकाळी फडक्यात बांधून ठेवले, मोड आले. शुक्रवारी सकाळी कोमट पाण्यात टाकून मी स्वयंपाकघरात ते सोलायला बसलो. कोणाला काही बोललो नाही. नातू आला, पाहत राहिला. वाल चिमटीत धरून दाबला की डाळिंबी सटकन बाहेर उडते, हे त्याने पाहिले आणि बसला शेजारी. पहिल्या दहा मिनिटांत निम्म्या डाळिंब्या जमिनीवर गेल्या. मग हात बसला.

थोड्या वेळाने त्याने इंग्रजीत विचारले, "आजोबा, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"माझ्या आजीने."

"तिला?"

"तिच्या आईने."

"आणि तिला?"

असे आम्ही मागे मागे गेलो, नावे संपेपर्यंत. नावे संपल्यावर तो म्हणाला, "पण कोणीतरी असेलच ना?" मी म्हणालो, असेलच. तेव्हा मी त्याला नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाची गोष्ट सांगितली. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या-पुस्तके समुद्रात गेली, बुडालेल्यांना तिथेच पुरले. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ती काही बोलली नाही, पण येऊन वाल सोलायला बसली.

मी विचार केला, त्या चौदा जणांचे नाव आपल्यापैकी एकालाही माहीत नाही. त्यांनी वही ठेवली नाही. परंपरा सांगते, की त्यांच्याजवळ शेमा उरला, शब्बाथ उरला, सुंता उरली आणि कोणता मासा खायचा कोणता नाही हे उरले. म्हणजे तोंडाने म्हणायचे आणि हाताने करायचे तेवढे. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारचे लोक आपल्याला शनिवार तेली म्हणू लागले. "तुम्ही शनिवारी तेल का काढत नाही?" असे कोणीतरी कधीतरी विचारले असणारच, त्याशिवाय हे नाव पडले कसे? आपली ओळख टिकली ती आपण कोणाला सांगत सुटलो म्हणून टिकली नाही. आपण काहीतरी करीत होतो आणि लोकांनी विचारले.

याच मालिकेच्या घरातली एक गोष्ट इथे जोडावीशी वाटते. मिस्टर स्पॉकचे काम करणारा लिओनार्ड निमॉय (1931–2015) हा बॉस्टनच्या यहुदी कुटुंबातला. लहानपणी सिनेगॉगमध्ये कोहानीम आशीर्वाद द्यायला उभे राहिले, तेव्हा पाहू नकोस, असे वडिलांनी त्याला बजावले होते. त्याने हळूच पाहिले. कोहानीम हाताची बोटे दोन-दोन जोडून मधे फट ठेवतात, ते त्याच्या मनात राहिले, आणि 1967 साली त्याने तीच खूण स्पॉकच्या अभिवादनासाठी वापरली. ती जगभर गेली. आपल्या समाजात परंपरेने कोहानीम नाहीत, त्यामुळे मी तर ही खूण प्रथम टीव्हीवरच पाहिली! गंमत अशी, की त्या मुलाला ती कोणी दिली नव्हती, उलट पाहायची मनाई होती. कुतूहलाने घेतलेली गोष्ट मुले अशी घट्ट धरतात.

आणि 'द इनर लाइट' हे नाव तरी कुठून आले? बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने याच नावाचे गाणे केले होते, चिनी ताओ ते चिंगमधल्या एका विचारावर. त्याचे वादन त्याने जानेवारी 1968 मध्ये आपल्या मुंबईत, एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत, भारतीय वादकांकडून करून घेतले. त्यातही बासरी आहे. चिनी विचार, इंग्रज गायक, मुंबईची बासरी, अमेरिकन मालिका, आणि पाहणारा रुसैलच्या खोलीतला ठाण्याचा वेल्डर. या साखळीत कोणीही कोणावर काही लादले नव्हते. ज्याला जे आवडले ते त्याने उचलले.

पिकार्डच्या बासरीचे पुढे काय झाले, तेही सांगण्यासारखे आहे. 1993 सालच्या 'लेसन्स' नावाच्या भागात ती पुन्हा दिसते. पिकार्ड एका स्त्रीच्या प्रेमात पडतो, तिच्याबरोबर ती बासरी वाजवतो, आणि बासरी कुठून आली हे तिने विचारल्यावर तिला सांगतो. काटानच्या लोकांची आठवण पिकार्डच्या पलीकडे गेली ती अशी, प्रेमाच्या माणसाने विचारले तेव्हा. दुसरीकडे, चित्रीकरणात वापरलेली ती खरी वस्तू 2006 साली क्रिस्टीजच्या लिलावात चाळीस हजारांहून अधिक डॉलरना विकली गेली. ती बासरी वाजत नाही. केवळ दिखाऊ आहे. माझी वहीदेखील अशीच होणार होती. जपून ठेवलेली, मौल्यवान, आणि न वाजणारी.

मुलीचे सर्व म्हणणे मला पटले असे नाही. मुलाने विचारण्याची वाट पाहत बसलो आणि त्याने कधी विचारलेच नाही तर? हा धोका खरा आहे. मस्कतच्या त्या बगदादी कुटुंबांचे कदाचित तेच झाले असेल. परदेशात वाढणाऱ्या मुलाला जर घरात वेगळे काही दिसलेच नाही, तर तो विचारणार कशाविषयी? शुक्रवारी दिवा लागला नाही, तर दिवा का, हा प्रश्नच पडायचा नाही. तेव्हा "मोठा झाला की विचारेल" असे म्हणून आपण स्वतः सर्व सोडून देणे, ही स्वातंत्र्य देण्याची रीत नव्हे. तसे केले तर त्याची पेटीच रिकामी. आपण आपले करीत राहायचे, त्याच्या डोळ्यांदेखत, आनंदाने. मी मुलीला एवढेच म्हणालो, की वाल सोलणे तुझ्या हातात आहे, विचारणे त्याच्या हातात आहे. ते तिला मान्य झाले.

आपल्याला विसरू नये असे वाटणे यात काही पाप नाही. मरणाऱ्या काटानला तसे वाटले, मलाही वाटते. पण तो मेलेल्यांचा जिवंतांवरचा हक्क आहे असे आता मी म्हणणार नाही. ती एक विनंती आहे, आणि विनंती करणाऱ्याने आधी काहीतरी चांगले पुढे ठेवायचे असते.

वही अजून माझ्याकडेच आहे. पहिले पान मी फाडून टाकले. शेवटी काही कोरी पाने होती, त्यांवर आता नातवाने फोनवर विचारलेले प्रश्न तेवढे उतरवतो आणि खाली उत्तर लिहितो. आजपर्यंत तीन झाले आहेत. अलिबागचे वाल कडू का लागतात? पणजी त्याच्यावर रागावली असती का? आणि नवगावच्या जहाजातल्या माणसांना पोहता येत होते का?

तिसऱ्याचे उत्तर मला माहीत नाही, असे मी त्याला सांगितले आहे. तो म्हणाला, मी शोधून काढीन.